सिगारेटचा वास मुरलेली जुनी गाडी: एका हॅचबॅकचं प्रकरण

गाडी 2016 ची पेट्रोल हॅचबॅक. 70 हजार किलोमीटरच्या आसपास चाललेली, जानेवारीत पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून घेतलेली. इंजिन ठणठणीत, टायर बरे, बॉडीवर ठोकाठोकीची खूण नाही, कागदपत्रं चोख. मालकीणबाई कोल्हापुरात हायस्कूलला शिकवतात. एप्रिलच्या सुरुवातीला त्या आमच्या वर्कशॉपवर आल्या त्या एकाच तक्रारीसाठी. "दादा, वास काही केल्या जाईना झालाय. पोराला गाडीत बसवलं की खोकला सुरू." पोराला दमा आहे, त्यामुळे प्रश्न नुसता नाक मुरडण्यापुरता उरला नव्हता.

आमचं काम गाड्या आतून-बाहेरून साफ करण्याचं. सिगारेटवाल्या गाड्या वरचेवर येतात. पण या गाडीवर बाईंनी आणि त्यांच्या नातेवाइकांनी जवळजवळ सगळे प्रचलित उपाय आधीच करून पाहिले होते, आणि त्यातला प्रत्येक उपाय का फसला हे गाडी उघडल्यावर नीट दिसत गेलं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

घेताना कळलं कसं नाही

जानेवारीतली थंड सकाळ. डीलरनं चारही काचा खाली करून ठेवलेल्या, डॅशबोर्डवर जेलचा परफ्यूम, सीटवर नवीकोरी रेक्झिनची कव्हरं. नव्या रेक्झिनचा वासच इतका उग्र असतो की त्याच्याखाली काहीही दडून जातं. शिवाय थंडीत धुराचे चिकट घटक कापडाला आणि प्लास्टिकला धरून बसतात. केबिन तापली की ते सुटतात आणि हवेत येतात. एप्रिलच्या दुपारी बंद गाडी उन्हात उभी राहिली तर आतलं तापमान 55-60 अंशांपर्यंत जायला वेळ लागत नाही. म्हणजे वास गाडी घेतल्या दिवशीही होताच. मार्चमध्ये ऊन वाढलं तसा तो वर आला.

जुनी गाडी बघायला लोक सकाळी लवकर जातात, गर्दी नको म्हणून. वासाच्या दृष्टीनं ही सगळ्यात चुकीची वेळ. दुपारी दोनला जावं, काचा बंद ठेवून गाडी तासभर उन्हात उभी करायला सांगावी आणि मग आपण स्वतः दार उघडावं. डीलर कुरकुर करतो, पण नाही म्हणत नाही.

आधीचा मालक कंत्राटदार होता आणि गाडी पुणे-बंगळूर हायवेवर सारखी फिरतीवर असायची, एवढं डीलरच्या बोलण्यातून निघालं. बाकी गाडीनंच सांगितलं.

आधी झालेले उपाय

पहिला बेकिंग सोडा. दोन पाकिटं सीटवर आणि मॅटवर भुरभुरवून रात्रभर ठेवला, सकाळी झाडून काढला. पण सीटवर रेक्झिनची कव्हरं होती आणि खाली लॅमिनेशनची मॅट. सोडा पडला तो प्लास्टिकवर, वास होता त्याच्या खाली. तसंही सोड्याचा उपयोग आंबट वासावर, म्हणजे सांडलेलं दूध किंवा उलटी यावर. निकोटीन मुळात अल्कधर्मी आहे. बेकिंग सोड्याच्या द्रावणाचा पीएच साधारण 8.3, म्हणजे तोही अल्कधर्मीच. दोघांचं भांडण लागतच नाही.

मग सासऱ्यांनी सांगितलं म्हणून डॅशबोर्डवर कापूर, कुणी सांगितलं म्हणून कापलेला कांदा, फडक्यात बांधलेला कोळसा. कापूर आणि कांदा स्वतःचा वास देतात, दुसऱ्याचा काढत नाहीत. कोळसा वास शोषतो हे खरं, पण आजूबाजूच्या हवेतला. छतात आणि फोममध्ये मुरलेला साठा रोज दुपारी नवा वास सोडत असेल तर पाव किलो कोळशानं काय होणार?

सगळ्यात वाईट उपाय धुपाचा. एका नातेवाईकबाईंनी गाडीत धूप आणि ऊद फिरवून काचा बंद करायला सांगितलं होतं. धूर कुठलाही असो, तो बारीक कणांचा आणि चिकट वाफांचाच असतो. आधीच्या थरावर दुसरा थर चढला. आमच्याकडे आली तेव्हा गाडीला देवघराचा आणि ॲशट्रेचा मिळून असा काही वास येत होता की दार उघडणारा दोन पावलं मागे सरायचा.

शेवटी डीलरकडं तक्रार गेली. त्यानं गाडी बोलावून ओझोन, म्हणजे वास मारायला मशीननं सोडतात तो वायू, मारून दिला. काही दिवस बरं वाटलं, मग पुन्हा जैसे थे. ओझोनवर पुढं बोलू, कारण बाईंनी आल्या आल्या तेच विचारलं होतं: "तुमच्याकडं ओझोनचं मोठं मशीन आहे काय?"

तपासणी

वास शोधताना नाकावर भरवसा फार थोडा वेळ ठेवता येतो. पहिला श्वास खरा, दुसऱ्या मिनिटाला नाक सरावतं. आमच्याकडच्या पोरांपैकी एक जण बिडी ओढतो. त्याला या कामात नाक म्हणून धरतच नाही, कारण त्याला ही गाडी "एकदम फ्रेश" वाटली होती.

म्हणून नाकाआधी कापड. पांढऱ्या सुती फडक्यावर कोमट पाणी आणि थोडं व्हिनेगर घेऊन समोरची काच आतून एकदाच, एका दिशेनं पुसली. काच बघायला स्वच्छ होती, डीलरनं पुसूनच दिली होती. पण डॅशबोर्ड आणि काच जिथं मिळतात त्या अरुंद खाचेत कुणाचा हात गेलेला नसतो. तिथून फडकं बाहेर काढलं तेव्हा त्यावर कोऱ्या चहाच्या रंगाचा पट्टा होता. त्याच फडक्याचं दुसरं टोक ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या पट्टीवर, तिसरं मागच्या डाव्या दारावर. मागचं जवळजवळ पांढरंच राहिलं. म्हणजे ओढणारा ड्रायव्हर, काच अर्धी खाली, धूर उजव्या बाजूनं छताला घासत बाहेर.

मग सीटबेल्ट. ड्रायव्हरचा बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. रीळात गुंडाळलेला भाग मऊ आणि काळाभोर, आणि रोज खांद्याजवळ उघडा राहणारा हातभर तुकडा चिकट, बोटाला धरणारा, रंगानं विटका. सनव्हायझर खाली केला तर त्याच्यामागं छताच्या कापडाचा मूळ फिका राखाडी रंग चौकोनात तसाच शाबूत होता, भोवतीचं कापड पिवळट. हा चौकोन मी बाईंना मुद्दाम दाखवला. तोवर त्या वासाबद्दल बोलत होत्या, तिथून पुढं मळाबद्दल बोलायला लागल्या. मला हवं होतं ते हेच. हवेत असतो तो वास, पण तो सोडणारा थर भिंतीवर असतो, आणि थर काढल्याशिवाय हवा कितीही बदलली तरी दुसऱ्या दुपारी गाडी तशीच.

शेवटची तपासणी एसीची. एसी लावून दहा-पंधरा मिनिटं गाडी थंड होऊ दिली, मग एसीचं बटण बंद करून फक्त ब्लोअर चालू ठेवला. मिनिटाभरात व्हेंटमधून ओल्या ॲशट्रेचा वास आला. कूलिंग कॉइलवर साचलेलं पाणी सुकायला लागलं की कॉइलवरची घाण असा वास सोडते. रिसर्क्युलेशनवर, म्हणजे आतलीच हवा फिरवत, एसी चालवून सिगारेट ओढली की केबिनमधला धूर फिरून फिरून त्याच कॉइलवरून जातो, आणि ओली कॉइल तो धरून ठेवते. ग्लोव्ह बॉक्स उतरवून केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा, काढला. तो काळा-तपकिरी, घड्यांमध्ये वाळलेली पानं, आणि हलवला तर राख. कंपनीतून आला तो बहुधा हाच असावा.

थोडं रसायन, कारण त्यावर कामाचा क्रम ठरतो

सिगारेटच्या धुरात दोन गोष्टी असतात: अतिशय बारीक, डांबरट थेंब आणि वायू. थेंब पृष्ठभागावर चिकटून पिवळट थर बनवतात. वायूंमधली निकोटीनसारखी जड संयुगं कापडात आणि फोममध्ये जिरतात आणि नंतर उष्णतेनं हळूहळू परत सुटतात. याला थर्ड हँड स्मोक म्हणतात. 2008 मध्ये सॅन दिएगोच्या संशोधकांनी विक्रीला काढलेल्या जुन्या गाड्या तपासल्या होत्या. ओढणाऱ्यांच्या गाड्यांत हवा, धूळ आणि पृष्ठभाग या तिन्ही ठिकाणी निकोटीन सापडलं. 2010 मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या गटानं दाखवलं की पृष्ठभागावरचं निकोटीन हवेतल्या नायट्रस आम्लाशी मिसळून तंबाखूतली कर्करोगकारक नायट्रोसमाइन्स तयार करतं. त्यांनी घेतलेल्या नमुन्यांत एका ओढणाऱ्याच्या गाडीच्या आतले पृष्ठभागही होते. घरात दम्याचं पोर असताना ही माहिती आईपासून लपवून ठेवण्यात अर्थ नसतो, आणि तिला घाबरवण्यातही नसतो. थर काढा, एवढाच तिचा व्यवहारी अर्थ.

काढायचा कसा, तर डांबरट थराला साबणी, अल्कधर्मी क्लीनर लागतो. पण निकोटीन अल्कधर्मी पाण्यात मोकळं होतं आणि जास्त उडतं. नुसत्या ऑल पर्पज क्लीनरनं गाडी पुसून सोडली की दुसऱ्या दिवशी वास वाढल्यासारखा वाटतो तो यामुळं. आम्लात उलट होतं. निकोटीनचा क्षार बनतो, तो पाण्यात विरघळतो आणि उडत नाही. म्हणून आधी क्लीनर, मग पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर, आणि दोन्ही वेळा मळ फडक्यात किंवा मशीनमध्ये ओढून बाहेर. नुसतं फवारून वाळू दिलं तर निकोटीन जागेवरच राहतं. व्हिनेगरचा स्वतःचा वास हवा लागली की एक-दोन दिवसांत जातो.

गाडी रिकामी करणं

सीट बाहेर काढल्याशिवाय हे काम करू नये असं माझं ठाम मत आहे. सीट जागेवर ठेवून केलेली "इंटिरियर क्लीनिंग" दिसायला छान असते, फोटोपुरती. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढायची, काही मिनिटं थांबायचं, मग सीटचे बोल्ट. सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगच्या किंवा बेल्टच्या यंत्रणेचा असतो. बॅटरी जोडलेली असताना त्याला हात लावायचा नाही.

रेक्झिनची कव्हरं निघाली आणि गाडीचा सगळा इतिहास वर आला. ड्रायव्हरच्या सीटच्या कापडावर सिगारेटनं पडलेली भोकं, एकाचा कडेचा फोम वितळून टणक झालेला. सीटच्या रुळात दोन थोटकं. फटींमध्ये राख. राख आधी कोरडी ओढून घ्यायची. तिच्यावर पाणी पडलं की राखाडी लगदा होतो आणि तो कापडात आणखी खोल जातो. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमनं प्रत्येक शिवण फाकवून राख काढली. या कंटाळवाण्या कामाला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि लागलाच पाहिजे.

खाली लॅमिनेशन. आपल्याकडं नवी गाडी घेतली की शोरूमजवळच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात पहिलं काम हे करतात: कारपेटवर कडेपासून कडेपर्यंत रेक्झिनचा थर अंथरून टाकायचा, म्हणजे चिखल लागत नाही. चिखल लागत नाही हे खरं. पण पावसाळ्यात बुटांबरोबर आलेलं पाणी कडेनं खाली उतरतं आणि वर यायला वाट नसते. या गाडीत लॅमिनेशन उचललं तर कारपेट दमट, आणि त्याखालचा नमदा, म्हणजे जाड लोकरीसारखा थर, हातानं दाबला की ओला. कुबट वास आणि सिगारेटचा वास एकमेकांत मिसळले होते. आतापर्यंतचे सगळे उपाय लॅमिनेशनच्या वरच चालले होते. बाईंना विचारून ते टाकून दिलं. कारपेट आणि नमदा सोडवून धुतले आणि उन्हात वाळवले.

धुलाई

सीटचं कापड कोमट पाणी आणि क्लीनरनं घासून एक्स्ट्रॅक्शन मशीननं, म्हणजे मळकं पाणी ओढून घेणाऱ्या मशीननं, ओढलं, मग सौम्य व्हिनेगरच्या पाण्यानं पुन्हा. मशीनच्या टाकीतलं पाणी पहिल्यांदा गर्द तपकिरी आलं, शेवटी फिकट. ते अगदी पाण्यासारखं होईपर्यंत ओढत बसू नये. फोम भिजून जातो आणि आतून वाळत नाही. सीट उभ्या टेकवून, मागून पंखा लावून उन्हात ठेवल्या. एप्रिलचं ऊन होतं म्हणून निभावलं. हेच काम जुलैत घ्या म्हणून कुणी आलं तर मी सरळ ऑक्टोबरची तारीख देतो. राधानगरी-गगनबावड्याकडच्या गाड्यांचे फोम पावसाळ्यात भिजवले तर सिगारेटचा वास जाऊन बुरशीचा येतो.

बेल्टला व्हिनेगर नाही, ब्लीच तर अजिबात नाही. तो जीव वाचवणारा पट्टा आहे, त्याच्या धाग्यांशी प्रयोग करायचे नाहीत. पूर्ण ओढून, वर चिमटा लावून, कोमट पाणी आणि सौम्य साबण, मऊ ब्रश. बादलीतलं पाणी काळं झालं. पूर्ण वाळल्याशिवाय रीळात जाऊ द्यायचा नाही.

डॅशबोर्ड, दारांचे पॅड, स्टिअरिंग, गिअरचं बूट यांत विशेष सांगण्यासारखं काही नाही. आधी क्लीनर, मग व्हिनेगरचं पाणी, मग कोरडं फडकं. व्हेंटच्या पट्ट्यांना जुना मेकअपचा ब्रश उत्तम चालतो. एक मात्र सांगतो. डॅशबोर्डला चमक आणणारं सिलिकॉनचं पॉलिश या टप्प्यावर मारू नये. मळावर पॉलिश चढलं की मळ आत कोंडला जातो. डीलरनं तेच केलं होतं. ते काढायलाच वेळ गेला.

एसीसाठी ब्लोअर मोटर खालून उतरवली. पंख्याच्या पात्यांवर तपकिरी लव धरलेली होती, ब्रशनं आणि साबणानं साफ केली. कॉइलवर एसीसाठीच मिळणारा फेसाचा क्लीनर ब्लोअरच्या जागेतून मारला, थांबलो, मग पाणी. गाडीखालच्या ड्रेन पाइपमधून आधी काळपट, मग मळकट पाणी ठिबकत राहिलं. पाइप अर्धा तुंबलेला होता, तोही मोकळा केला. कॉइल ॲल्युमिनियमची असते, तिच्यावर व्हिनेगर किंवा कॉस्टिक घालू नये. गॅस काढून कॉइलच बाहेर काढण्याची गरज पडली नाही. एसीचे "बॉम्ब" म्हणून मिळणारे स्प्रे लोक थेट मारतात, पण कॉइल न धुता मारले तर ते परफ्यूमच.

फिल्टर लगेच चांगला बसवायचा नाही. काम चालू असताना स्वस्तातला साधा घातला, कारण डक्टमध्ये सुटलेली घाण पहिले काही दिवस त्यावर येते. ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर सगळ्यात शेवटी.

छताला सगळ्यात जपून हात लावावा लागतो. छत म्हणजे पातळ पुठ्ठ्यासारखा बोर्ड, त्यावर फोमचा पातळ थर, त्यावर कापड, सगळं चिकटवलेलं. पाणी जास्त झालं किंवा वाफ मारली की गोंद सुटतो आणि उन्हाळ्यात कापड डोक्यावर लोंबायला लागतं. म्हणून फवारा थेट नाही, घासणं नाही. मायक्रोफायबरचं फडकं ओलं करून पिळायचं आणि एका दिशेनं हलक्या हातानं, फडकं सारखं बदलत. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या भागातून फडकी पिवळी होऊन येत राहिली आणि छताचा रंग बराच परतला. व्हायझरमागचा तो चौकोन शोधावा लागेल इतका.

वास उरला, पण कुठं

गाडी जोडून दुपारी उन्हात लावली. बाईंची बहीण आली होती, तिला दार उघडायला लावलं, कारण तिचं नाक या गाडीला सरावलेलं नव्हतं. ती म्हणाली, "आहे अजून. थोडा आहे, पण आहे." मागं बसल्यावर नाही, पुढं बसल्यावर आहे.

अशा वेळी अंदाजानं पुन्हा सगळं धुवायला घेणं म्हणजे ग्राहकाचे पैसे आणि आपला दिवस वाया. आम्ही बिनवासाच्या साबणानं धुतलेले सुती रुमाल घेतले. एक मागच्या सीटवर, एक पुढच्या सीटखाली कारपेटवर, एक ग्लोव्ह बॉक्समध्ये, एक ड्रायव्हरच्या व्हायझर आणि छताच्या मध्ये खोचून. गाडी बंद करून दिवसभर उन्हात. संध्याकाळी प्रत्येक रुमाल वेगळ्या स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या नाकानं एकेक डबा उघडला. सीट, कारपेट, ग्लोव्ह बॉक्स यांचे डबे ठीक होते. व्हायझरच्या डब्यातून स्पष्ट सिगारेट.

म्हणजे छताचं कापड निवळलं होतं, त्यामागचा फोम नाही. तिथंपर्यंत पाणी पोहोचवलं तर गोंद जाणार. व्हायझरच्या आतही फोमच. बाईंसमोर दोन वाटा ठेवल्या. एक, आहे तसं ठेवा, रोज उन्हात काचा थोड्या उघड्या ठेवून गाडी लावा. उरलेला वास महिन्यांमागून महिने कमी होत जाईल. दुसरी, छत उतरवून कुशनवाल्याकडून नवं कापड लावून घ्या. आमच्याकडं याला 4 ते 6 हजार पडतात. पोराच्या दम्याचा विषय नसता तर मी पहिली वाट सुचवली असती. इथं दुसरीच सांगितली.

छत मागच्या डिकीच्या दारातून बाहेर काढावं लागतं. खांबांच्या पट्ट्या, हँडल, दिवा, रबरी बिडिंग सगळं सोडवून. कुशनवाल्यानं जुनं कापड ओढलं तेव्हा आतला फोम पिवळसर भुगा होऊन हाताला लागत होता. तारेच्या ब्रशनं तो पूर्ण खरवडून बोर्ड व्हिनेगरच्या पाण्यानं हलका पुसला आणि कडक उन्हात सुकवला. मग फोम लावलेलं नवं कापड, उन्हात न सुटणाऱ्या सोल्यूशननं, म्हणजे गोंदानं. व्हायझरची जोडी नवी घेतली. भंगारातली स्वस्त मिळत होती, पण तिच्या आधीच्या मालकाची सवय कोण सांगणार?

याचा एक तोटा आधीच सांगून ठेवला होता: सोल्यूशनचा वास. दम्याच्या मुलासाठी तोही बरा नाही. म्हणून काम झाल्यावर गाडी लगेच न देता दारं उघडी टाकून सावलीत हवेशीर ठेवली आणि पहिले काही दिवस पोराला न बसवता चालवायला सांगितली.

ओझोन का नाही

बाईंचा पहिला प्रश्न शेवटी आला. ओझोनचं मशीन आमच्याकडं नाही, आणि शेजारच्यांकडून आणता आलं असतं तरी या गाडीत मी लावलं नसतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं, ईपीएचं म्हणणं असं की आरोग्याच्या मर्यादेत राहील एवढ्या ओझोननं हवेतले प्रदूषक फारसे जात नाहीत. मर्यादेबाहेर मारला तर थोडा परिणाम दिसतो, पण तो फुप्फुसाला त्रासदायक, नैसर्गिक रबराला तडे पाडणारा. आणि बर्कलेच्याच संशोधकांनी 2010 मध्ये दाखवलं की ओझोन निकोटीनवर गेला की अतिसूक्ष्म कण तयार होतात. थर तसाच ठेवून ओझोन मारला तर वरवरचे रेणू जळतात, नाकाला बरं वाटतं, आणि खालून नवे येतात. डीलरच्या ओझोननंतर काही दिवसांत वास परतला तो असा. आतून स्वच्छ केलेल्या रिकाम्या गाडीत शेवटचा हात म्हणून, नंतर भरपूर हवा देऊन, ओझोन वापरणारे चांगले कारागीर आहेत. त्यांना नावं ठेवत नाही. दमा असलेल्या घरात नको, एवढंच.

नंतरचं

छत बसल्यावर रुमालांची तीच चाचणी पुन्हा केली. डबे उघडले तर नव्या कापडाचा आणि सोल्यूशनचा वास, सिगारेट नाही. मग कार्बनचा फिल्टर बसवला. हा काही शे रुपयांचा. तो भरला की बदलायचा, धुवून परत वापरायचा नाही. एसीबाबत बाईंना एक सवय लावून घ्यायला सांगितली: घर यायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसीचं बटण बंद, ब्लोअर चालू, म्हणजे कॉइल ओली राहत नाही.

धुलाई, छत, व्हायझर, फिल्टर मिळून खर्च 10 हजारांच्या वर गेला. डीलरकडं मागणी करून पाहिली, त्यानं वास वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले. कागदावर त्याचंच बरोबर होतं. हाच मळ जानेवारीत फडक्यावर दिसला असता तर गाडीच्या किमतीतून एवढे पैसे कमी करून घेता आले असते, असं बाईच म्हणाल्या.

जूनमध्ये पहिल्या पावसात त्यांचा फोन आला. दमट हवेत सकाळी पहिल्यांदा एसी लावला की क्षणभर काहीतरी येतं, मग जातं. गाडी आणून बघितली. सिगारेट नव्हती, डक्टमधला थोडा कुबटपणा होता. कॉइलवर पुन्हा फेस मारला आणि ड्रेन पाइप तपासला. सीटवर आता रेक्झिन नाही, सुती कव्हरं आहेत, महिन्याला घरच्या मशीनमध्ये धुतली जातात. पोरगं मागं बसून शाळेला जातं. खोकला गाडीपुरता तरी थांबलाय, असं त्याची आई सांगते. त्याच्या दम्याचं बाकी डॉक्टर बघतील. ऑक्टोबर हीटमध्ये गाडी एकदा दुपारभर उन्हात लावून रुमाल ठेवायचे असं ठरलंय, तोवर कार्बनचा फिल्टरही बदलायला आलेला असेल.